पिन व पासवर्ड निवडण्याच्या सवयी (सोलापूर)

बँक खाते, मोबाइल व संगणक यांसाठी गुप्त अंक वा अक्षरे ठरवण्याच्या, लक्षात ठेवण्याच्या व घरात सांगण्याच्या रूढी.

संगणकीय पासवर्डाचा आरंभ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील फर्नांडो कोर्बातो यांच्या सीटीएसएस या (एकच संगणक अनेकांनी वापरण्याच्या) प्रणालीत झाला, असे सामान्यतः मानतात. पिनच्या जनकत्वाविषयी मात्र मतभेद आहेत. शिलाँगला जन्मलेले जॉन शेफर्ड-बॅरन यांचे पैसे देणारे यंत्र (एटीएम) २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेत सुरू झाले. आपल्या लष्करी क्रमांकाप्रमाणे सहा अंक ठेवण्याचा त्यांचा विचार होता. पत्नीला चारच लक्षात राहतात म्हणून चार ठरले, असे ते सांगत. या यंत्रात कार्ड नव्हते. किंचित किरणोत्सर्गी कार्बन-१४ लावलेला धनादेश घालावा लागे. स्कॉटिश अभियंता जेम्स गुडफेलो यांनी कार्ड व गुप्त अंक यांच्या जोडीचे पेटंट १९६६ मध्येच दाखल केले होते. कागदोपत्री पुरावा पाहता त्यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

चार अंकांचे १०,००० पिन होतात. जन्माचा दिवस-महिना घेतला की ३६६ उरतात. सोलापूरकडे (उर्वरित महाराष्ट्रातही) ते आणखी आकसतात. शाळेत नाव घालताना जन्मनोंद नसली की गुरुजी १ जून लावून टाकत. जुन्या पिढीतील अनेकांच्या आधार कार्डावर आजही तीच तारीख आहे. त्यामुळे ०१०६ हा पिन परक्यालाही सहज सुचतो. गाडीच्या पाटीवरचा १३ (सोलापूरच्या एमएच-१३ मधला) किंवा सहा अंकी यूपीआय पिनसाठी टपालाचा ४१३००१ हेही तितकेच उघडे.

यंत्रमाग व विडी कामगारांच्या घरांत पिन बहुधा साऱ्या घराला ठाऊक असतो. आईचे कार्ड घेऊन मुलगा पैसे काढायला जातो. पासबुकच्या प्लास्टिक कव्हरात कार्डालगतच घडी घातलेली चिठ्ठी असते, तिच्यावर पेनाने गिरवलेले चार अंक. कोणी ते मोबाइलमध्ये एखाद्या पाहुण्याच्या नावाने, फोन नंबराच्या शेवटी जोडून ठेवतात. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वाचता न येणाऱ्या खातेदाराला यंत्रापुढे कोणाची तरी मदत घ्यावीच लागते. फसवणूक मुख्यतः होते ती फोनवर. यूपीआयने पैसे येताना पिन लागत नाही, तो पैसे जाताना लागतो, एवढे घरातल्या प्रत्येकाला माहीत असणे चिठ्ठी लपवण्याहून महत्त्वाचे आहे.

पासवर्डांत मुलांची नावे व ग्रामदैवत सिद्धेश्वर यांचा वापर आढळतो. मोठे अक्षर, चिन्ह व अंक सक्तीचे असल्यास पहिले अक्षर मोठे होते आणि शेवटी @१२३ लागते.