आखूड नळीचा प्रश्न

शेळ्यांना पाला पाडायला बाभळीवर चढलेल्या माणसाच्या पायाखालची फांदी मोडते, नाहीतर रात्री मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळते. मणका मोडतो, आतल्या मज्जारज्जूला मार बसतो आणि कमरेखालचं अंग जातं. मराठवाड्यात अशा घरांची कमी नाही. या इजेचे रुग्ण बहुतेक पुरुष. अमेरिकेतल्या नोंदींत तर पाचांत जवळपास चार.

प्रयोगशाळेत मात्र उलट चित्र. तिथे या इजेवरचे बहुतेक प्रयोग उंदरांच्या माद्यांवर होतात. मज्जारज्जू दुखावलेल्या उंदराला आपणहून लघवी होत नाही. दिवसातून दोन-तीनदा त्याचं ओटीपोट बोटांनी हलकेच दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं. मादीची मूत्रनळी आखूड, म्हणून ते सोपं जातं. म्हणजे उपचार तपासायचा माद्यांवर आणि द्यायचा मुख्यतः पुरुषांना! मला हे किरकोळ वाटत नाही, कारण दोघांची शरीरं सारखी वागत नाहीत. काही प्रयोगांत इजेनंतर माद्या नरांपेक्षा बऱ्या चालल्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही मुख्यतः मादीची संप्रेरकं सूज आवरतात, पेशी वाचवतात, असंही प्राण्यांत दिसलं. तरी आशा जपूनच धरावी. मेंदूच्या इजेत प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१४ मध्ये आले, आणि रुग्णांना फायदा झाला नव्हता.

माणसांचं काय? २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वर्षभरानंतर बायकांच्या स्नायूंत ताकद थोडी जास्त परतलेली दिसली. पण हालचाल पूर्ण गेलेल्या रुग्णांत, घरी जाताना रोजची कामं करण्यात पुरुष पुढे होते.

आता पुन्हा त्या आखूड नळीकडे. बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटिमीटरची. मादी उंदराच्या बाबतीत जी सोय, तीच इथे अडचण: जंतू पटकन वर चढतात. पुरुषाला बाहेरून कंडोम कॅथेटर, म्हणजे कंडोमसारखं चढवून लघवी पिशवीत नेणारं साधन, तरी लावता येतो. बाईला मांड्यांमध्ये आरसा धरून, जागा बघून, मूत्राशय रिकामं करायची बारीक नळी स्वतः आत घालायला शिकावं लागतं. तेही दर चार ते सहा तासांनी, हात स्वच्छ धुऊन. टँकरची वाट बघणाऱ्या गावात, एका खोलीच्या घरात आडोसा कुठला? मग ती पाणीच कमी पिते आणि लघवीचा संसर्ग वाढतो.

आणखी एक गोष्ट तिला, नवऱ्याला नव्हे तिलाच, घरी पाठवताना सांगायला हवी. इजेनंतर थांबलेली पाळी बहुधा काही महिन्यांत परत येते, दिवसही राहू शकतात. इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल तर बाळंतकळांमध्ये रक्तदाब एकाएकी भडकू शकतो, म्हणून तिचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं.