पुराचा पंचनामा आणि विम्याचा सर्व्हे : एक झाला म्हणजे दुसरा झाला असं नाही

पाणी उतरलं की दारात एक माणूस येतो, हातात कागद, भिंतीवरची पाण्याची खूण बघतो, मोबाईलवर दोन फोटो काढतो, आधार नंबर लिहून घेतो आणि सही घेऊन पुढच्या घरी जातो. काही दिवसांनी तसाच आणखी एक येतो, तोही खूण बघतो, फोटो काढतो, सही घेतो. घरच्यांना वाटतं एकच काम दोनदा चाललंय. पहिला सरकारी पंचनाम्याचा असतो आणि दुसरा विमा कंपनीचा सर्व्हेअर, आणि यातला दुसरा आपण बोलावल्याशिवाय येतच नाही, इथंच आपल्याकडं दरवेळी घोळ होतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोका पातळी 45 फूट आहे म्हणजे विचार करा. आमच्या गावभागात तळमजले बुडाले. शेजारच्या काकूंनी घरी आल्यावर पंचनामा करून घेतला, सही केली आणि म्हणाल्या, झालं बाबा एकदाचं, आता नुकसान भरपाई येईल. त्यांच्या घराचा विमा होता, दरवर्षी खात्यातून पैसे कटत होते, पण पंचनामा झाला म्हणजे कंपनीला कळलंच असणार असं त्या धरून चालल्या. दोन महिन्यांनी मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्यानं कंपनीला फोन लावला. कंपनीनं विचारलं, सामान कुठंय? सामान तर कधीच महापालिकेच्या डंपरमधून गेलं होतं, फ्रिज, गाद्या, लाकडी कपाट, सगळं. काकूंकडं एकही फोटो नव्हता. आयुष्यभर जमवलेला संसार होता तो, आणि त्याचा पुरावा म्हणून भिंतीवरची एक तपकिरी रेघ शिल्लक होती.

पंचनामा कशासाठी ते आधी बघू. ही महसूल खात्याची नोंद आहे, पंचांसमोर केलेली, की या घरात पाणी शिरलं होतं आणि इथं अमुक कुटुंब राहतं. गावात तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि ग्रामसेवक येतात, शहरात महापालिकेची माणसं सोबत असतात. त्यावरून जे पैसे मिळतात ते ठरलेल्या दरानं मिळतात. 2019 ला शहरात कुटुंबाला 15,000 आणि ग्रामीण भागात 10,000 असं सानुग्रह अनुदान होतं, 2021 ला 10,000. केंद्राचे 2022 ते 2026 साठी जे निकष होते त्यात कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्याकुंड्यांसाठी 2,500 धरले होते, आणि घर पडलं असेल तर त्याचा दर वेगळा. म्हणजे तुमचा सोफा पाच हजाराचा होता की पन्नास हजाराचा हे पंचनामा करणारा विचारत नाही, त्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. चार दिवस चूल पेटावी म्हणून ती मदत असते. नुकसानीच्या मानानं ती फार थोडी आहे, पण गरीब घराला तीच पहिली येते, तेव्हा ती सोडायची नाही.

पंचनाम्यात महत्त्वाचं एकच, माणूस आला तेव्हा तुम्ही घरी सापडायला पाहिजे. पाणी उतरल्यावर बरीच कुटुंबं नातेवाईकांकडं मिरजेला नाहीतर विश्रामबागला असतात, टीम येऊन कुलूप बघून जाते आणि नाव राहून जातं. शेजाऱ्याला सांगून ठेवा, टीम गल्लीत आली की फोन कर म्हणून. आधार, रेशनकार्ड, पासबुक, घरपट्टीची पावती नाहीतर लाईट बिल हे एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पाणी कधी शिरलं आणि कधी निघालं त्या तारखा लक्षात ठेवून सांगा. आणि खातं चालू आहे का ते आधी बघा, आजीच्या नावावरचं जुनं खातं दिलं आणि ते केवायसीसाठी बंद पडलेलं असलं तर पैसे परत जातात. भाड्यानं राहणाऱ्यांनी गप्प बसू नये, कपडे आणि भांड्यांची मदत जो राहतो त्याची, घराच्या पडझडीची मालकाची. नाव सुटलंच तर तहसील कार्यालयात किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता सर्व्हे. इथं सगळा खेळ वेगळा आहे कारण हा तुमचा आणि कंपनीचा करार आहे, आणि करारात जे लिहिलंय तेवढंच. सर्व्हेअर हा परवानाधारक असतो, कंपनी त्याला नेमते, आणि पाणी आलं होतं का एवढंच बघून तो जात नाही तर कुठल्या वस्तूचं किती नुकसान झालं, ती दुरुस्त होते का, पॉलिसीत बसते का, हे एकेक करून बघतो. आमच्याकडं 2019 ला आलेला सर्व्हेअर फ्रिजपाशी गुडघ्यावर बसला, मागच्या प्लेटवरचा चिखल स्वतःच्या रुमालानं पुसला आणि त्यावरचा फ्रिजचा नंबर वाचून लिहून घेतला, मग वॉशिंग मशीनचा, मग मिक्सरचासुद्धा. तेव्हा मला कळलं की यांना वस्तू डोळ्यानं दिसायला पाहिजे. आम्ही ती ठेवली होती म्हणून निभावलं, ठेवायचीच असते म्हणून ठेवली होती असं नाही, उचलायला माणसं मिळाली नव्हती.

2021 च्या एप्रिलपासून घरासाठी भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी आली आहे. त्यात पूर धरलेला आहे, आणि घराचा विमा घेतला की घरातलं सामानही त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत आपोआप धरलं जातं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, ते फक्त भिंतींचा क्लेम करतात. उलटंही होतं, गृहकर्ज काढताना बँकेनं एक विमा दिलेला असतो तो बऱ्याचदा कर्जदाराच्या जीवाचा असतो, माणसाला काही झालं तर कर्ज फिटावं म्हणून. त्याचा पुराशी काही संबंध नाही. तेव्हा पॉलिसी काढून नाव वाचा, घराचा आहे की तुमचा. आणि ती प्लास्टिकच्या डब्यात वरच्या मजल्यावर ठेवा, फोटो मोबाईलमध्ये आणि एक फोटो बाहेरगावच्या मुलाला.

खरी अडचण पाणी उतरल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत असते, कारण इथं दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतात. गाळ वाळला की दगडासारखा होतो, वास सुटतो, गाद्यांना बुरशी धरते, लहान मुलं घरात असतात, घर तर लगेच साफ करायलाच पाहिजे. पंचनाम्याला साफ घर चालतं, खूण दिसली आणि शेजारी सांगणारे असले की भागतं. सर्व्हेअरला साफ घर चालत नाही. मग करायचं काय, झाडू हातात घेण्याआधी अर्धा तास फोटोला द्या. आधी मेन स्विच बंद आहे का ते बघा, मगच आत जा. प्रत्येक खोली चारी कोपऱ्यांतून काढा, मग भिंतीच्या खुणेला मोजायची टेप लावून टेपसकट फोटो, मग एकेक वस्तू, फ्रिज टीव्हीच्या मागची नंबरची प्लेट. व्हिडिओ काढताना तोंडानं बोलत जा, हे कपाट, अमुक साली घेतलं, एवढ्याला घेतलं. त्याच दिवशी कंपनीला फोन करा, क्लेमचा नंबर वहीत लिहा आणि ईमेलही टाका, फोनवर काय बोललो ते नंतर कुणी कबूल करत नाही असा माझा अनुभव आहे. गाद्या, धान्य, कुजणारं सामान ठेवणं शक्य नाही, तर ईमेलमध्येच लिहा की आरोग्यासाठी हे टाकतोय, सोबत फोटो, आणि गादीचा एक हातभर तुकडा, कपाटाच्या फुगलेल्या प्लायचा तुकडा पिशवीत घालून ठेवा. फ्रिज, टीव्ही, मशीन मात्र गच्चीवर किंवा अंगणात सरकवून ठेवा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत डंपरवाल्याला द्यायचं नाही. भंगारवाले गल्लीत फिरत असतात, दोनशे तीनशे रुपयांत वस्तू उचलतात, त्या दोनशे रुपयांपायी हजारोंचा क्लेम जातो.

आणि चालू होतोय का बघू म्हणून फ्रिजचं बटण दाबू नका. बोर्डात गाळ असतो, शॉक बसतो, आणि मोटर जळली तर ती पुरानं गेली की तुम्ही जाळली यावर वाद होतो. गाडीचंही तेच, पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही, टोचन करून गॅरेजला न्यायची. तिची पॉलिसी वेगळी, तिचा सर्व्हे वेगळा, पंचनाम्यात ती येत नाही.

पंचनाम्याची प्रत मात्र मागून घ्या, कारण कंपनी कधीकधी पुरावा म्हणून तीच मागते. प्रत लगेच देत नाहीत, अर्ज करावा लागतो, करा. सरकारी मदत घेतली म्हणून विम्याचा क्लेम बंद होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. क्लेम नाकारला किंवा फारच कमी दिला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडं जाता येतं, आपल्या सांगलीसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही आणि वकीलही लागत नाही. काकूंना मी हे फार उशिरा सांगितलं. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी सामान वर चढवायच्या आधी सगळ्या घराचे फोटो काढून मुलाला पाठवले, कोरड्या घराचे.