फॅट-फ्री मास वाढला म्हणजे मसल वाढले असं नाही

परवा परत तेच. सोलापुरात होटगी रोडला एका घरी आजोबांना बघायला गेले, वय ७८, आजारपणातून उठलेले. मुलानं बॉडी ॲनालिसिसचे दोन कागद पुढं ठेवले. मॅडम बघा की, तीन महिन्यांत फॅट-फ्री मास (चरबी सोडून उरलेलं वजन) वाढलाय आणि फॅट उतरलंय, म्हणजे मसल तयार झाले, आता प्रोटीन पावडर बंद केली तर चालेल का? मी काही न बोलता आजोबांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. वाढलेला फॅट-फ्री मास तिथं होता, पायातल्या पाण्यात.

वजन आणि बीएमआयबद्दल इथं लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना माहितीय. पाठीत वाकलेल्या माणसाची उंची कमी भरते म्हणून बीएमआय उगाच बरा दिसतो, आणि सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलोच्या वर, तर ते 'वय झालं आता' म्हणून सोडून द्यायचं नाही, एवढं धरा. फॅट-फ्रीमधे हाडं येतात आणि लीन मासमधे येत नाहीत हा फरकही घरच्यांनी सोडून दिला तरी काही बिघडत नाही.

अडतं ते पाण्यापाशी. फॅट-फ्री मास म्हणजे चरबी सोडून उरलेलं सगळं, त्यात स्नायू आले, हाडं, लिव्हर, किडनी, रक्त आणि सुजेतलं पाणी पण आलं. स्नायू हा त्यातला एक वाटा. आणि बॉडी ॲनालिसिसचं मशीन स्नायू बघतच नाही वो, ते अंगातून अगदी बारीक करंट सोडतं, पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो, त्या अडण्यावरून पाण्याचा अंदाज काढतं आणि फॅट-फ्री मासमधे साधारण ७३ टक्के पाणी असतं हे धरून बाकीचा हिशोब सूत्रानं करतं. धडधाकट माणसात हे बऱ्यापैकी जमतं. पण समजा थकलेल्या माणसाच्या पायात ३ लिटर पाणी साठलं, तर सूत्र त्याचा जवळजवळ ४ किलो फॅट-फ्री मास करू शकतं, वजन मात्र ३ किलोच वाढलेलं असतं, मग उरलेला किलो चरबीतून वजा होतो. कागदावर मसल वाढले, फॅट घटलं! घरचे दुप्पट खूश, आणि आत मांड्या रिकाम्या होत चाललेल्या.

उलटंही होतं. डॉक्टर पाण्याची गोळी देतात, आठवड्यात ३ किलो उतरतात, आणि लगेच 'गोळीनं आजोबा वाळले' म्हणून गोळी बंद. गोळीनं फक्त पाणी काढलं, स्नायू आधीच गेलेले होते, ते आत्ता दिसले. आपल्या मे महिन्यात, पारा ४२-४३ला असताना, म्हातारी माणसं पाणी कमी पितात तेव्हा मशीन लीन कमी दाखवतं. आणि सलाईन लावून आणल्यावर त्याच दिवशी ही टेस्ट करू नका, कृपा करून. पेसमेकर असेल तर या मशीनवर उभंच करायचं नाही. महागडी डेक्सा (एक्स-रेनं हाडं, चरबी आणि लीन मोजणारी तपासणी) केली तरी लीनमधलं पाणी वेगळं निघत नाही.

अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी आलं म्हणजे खाणं कमी पडतंय, हे पण मला पटत नाही. इन्फेक्शनमधे, सुजेत ते तसंही खाली येतं.

मी मग काय बघते? मुठीची ताकद. स्नायू कमी झालेत का हे ठरवायच्या आशियाई निकषांत पुरुषाला २८ किलोच्या खाली, बाईला १८च्या खाली म्हणजे कमी. खुर्चीतून हात न टेकता पाचदा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तरी शंका घ्यायची. पोटरीला टेप लावते, पुरुषाला ३४ सेंटिमीटरच्या खाली, बाईला ३३च्या खाली म्हणजे कमी, पण पायाला सूज असेल तर ती टेपही फसवते, मग दंड बघा, कानशिलं बघा, अंगठा आणि तर्जनीच्या मधला गाळा बसलाय का बघा. आजीच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या हे घरच्या बायकांना मशीनच्या आधी कळतं, आणि ते त्यांनी डॉक्टरांना सांगावं.

त्या आजोबांना हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही. पावडर मी बंद केली नाही की वाढवलीही नाही, आधी सूज कशाची ते डॉक्टरांकडून बघून घ्या, हार्ट आणि किडनी दोन्ही, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आलं की प्रोटीन किती ते ठरवू म्हटलं. दोन्ही कागद फाईलला लावले आणि वर पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दोन्ही पायांना सूज'.