धुके आणि शेतातला धूर: धावपट्टीजवळचे दोन पांढुरके पडदे

डिसेंबरच्या पहाटे तुरीच्या फुलोऱ्यावर उतरलेली धुवारी आणि त्याच दिवसांत धानाच्या बांधीत पेटवलेल्या तणसाचा धूर लांबून सारखेच दिसतात, आणि विमानाला उशीर झाला की दोष बहुधा धुक्याच्याच माथी मारला जातो. गोंदियाजवळचा बिरसी आणि अमरावतीजवळचा बेलोरा हे दोन्ही विमानतळ शेतशिवाराला लागून आहेत. तिथल्या वैमानिकाच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे धोके आहेत, आणि माझ्या मते त्यांतला धूर अधिक बेभरवशाचा आहे.

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत ओल भरपूर असली, की रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली आली की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. ऊन चढले की ते विरते. धुराचे कण कोरडे असतात, त्यांना ना ओलीची गरज असते ना थंडीची. आगपेटीची एक काडी पुरते. म्हणूनच विमानतळावरील हवामान निरीक्षक तापमान आणि दवबिंदू (हवेतील बाष्पाचे थेंब बनू लागतात ते तापमान) यांतील अंतर पाहतो. ते अगदी कमी असेल तर धुक्याची शक्यता असते. अंतर मोठे असूनही समोरचे दिसेनासे झाले असेल, तर धूर किंवा धूळ शोधावी लागते.

धुक्याशी जुळवून घेण्याची व्यवस्था विमान वाहतुकीने पूर्वीच उभी केली आहे. त्याचा अंदाज आदल्या दिवशी देता येतो, त्यानुसार वैमानिक दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल इतके जादा इंधन घेतो, आणि धावपट्टीवर उपकरण अवतरण प्रणाली, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा, असेल तर तिच्या सर्वसाधारण श्रेणीत सुमारे ५५० मीटर दिसत असले तरी उतरता येते.

धुराबाबत यांतले फारसे काही लागू पडत नाही. कोणत्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोण केव्हा पेटवणार, हे कोणत्याही अंदाजात नसते. दृश्यमानता मोजणारी यंत्रे धावपट्टीच्या कडेला असतात. आग दोन किलोमीटर अलीकडे, नेमकी विमान उतरण्याच्या मार्गाखाली असेल, तर यंत्र सर्व काही स्वच्छ असल्याचे सांगते आणि वैमानिकाला मात्र अखेरच्या टप्प्यात धावपट्टी दिसेनाशी होते. डोळ्यांनी बाहेर पाहून उडणाऱ्यांसाठी, म्हणजे बिरसीला शिकणाऱ्या नवख्या वैमानिकांसाठी, ही स्थिती सर्वांत वाईट, कारण अशा उड्डाणाला साधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. शिवाय बाहेरचा धूर हवेच्या नळ्यांतून आत आला, तर क्षणभर विमानातच काही जळत असल्याची शंका येते, आणि उतरण्याच्या घाईत अशी शंका परवडणारी नसते.

आग आणखी एक पाहुणा बोलावते. पेटलेल्या शेतातून पळणारे टोळ, किडे आणि उंदीर टिपायला घारी, बगळे आणि कोतवाल जमतात. घार तर तापून वर चढणाऱ्या हवेवर घिरट्या घालत उंच जाते, म्हणजे थेट विमानाच्या वाटेत. विमान नियम, १९३७ मधील ९१ वा नियम विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावरे कापण्यास आणि पक्षी आकर्षित होतील अशी घाण टाकण्यास मनाई करतो. त्याचा रोख कचऱ्यावर आणि मांसावर आहे. पक्ष्यांना मात्र पेटलेले शेत आणि उकिरडा यांत फरक वाटत नाही.

गोंधळ सर्वाधिक होतो तो दोन्ही एकत्र आल्यावर. हिवाळ्यात सायंकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार राहते, त्यामुळे धूर वर न जाता शिवारात पसरून राहतो. रात्री त्याच्याच कणांवर बाष्प साचते आणि एरवी विरळ राहिले असते ते धुके दाट होऊन उन्हालाही लवकर हटत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोंदिया-भंडाऱ्याकडे, धान निघाल्यावर, ही वेळ येते. वऱ्हाडात पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे), गव्हाचे काड आणि धुरे पेटतात ते पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर, तेव्हा हवा कोरडी असते आणि धुक्याचा प्रश्न नसतो. तिथे दिसेल तो पडदा धुराचाच किंवा धुळीचा.

पऱ्हाटी जाळणाऱ्याला केवळ आळशी म्हणणेही बरोबर नाही. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढून टाकण्याचा सल्ला त्याला कृषी खात्याकडूनच मिळतो, आणि काडी लावणे हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. श्रेडरने बारीक करून तिचे खत केले तरी अळीचा बंदोबस्त होतो, पण यंत्राचे भाडे द्यावे लागते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना विमान उतरण्या-चढण्याच्या रेषेत ज्यांची शेते आहेत, त्या मोजक्या शेतकऱ्यांना हे यंत्र आधी आणि सवलतीत मिळाले, तर धोक्याचा मोठा वाटा तिथेच कमी होईल. शेजारच्या शिवारात आग दिसली, तर विमानतळाच्या फाटकावरील सुरक्षारक्षकाला किंवा ग्रामपंचायतीला तत्काळ कळवावे, म्हणजे नियंत्रण कक्षाला वैमानिकापर्यंत निरोप पोहोचवता येतो. धुक्याची बातमी त्यांना आपण देण्याची गरज नसते.