मगरपक्षी: दातांच्या गोष्टीआड राहिलेला पक्षी

मगरीच्या उघड्या जबड्यात शिरून दात कोरणारा पक्षी सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ही गोष्ट इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या एका ग्रीक इतिहासकाराने केलेल्या इजिप्तच्या वर्णनातून आली. त्याने लिहिलं होतं ते जळवांबद्दल. दात पुढच्या लेखकांनी आणले.

पक्षी कोणता, हे मात्र त्या मजकुरावरून नीट ठरत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या निसर्ग-अभ्यासकांनी नाईलकाठी उमेदवार शोधले. काहींनी इजिप्शियन प्लोव्हर निवडला: काळं डोकं, राखाडी-निळी पाठ, फिकट नारिंगी पोट. काहींचं मत पंखाला काटा असलेल्या टिटवीला. दोघेही मगरींच्या आसपास वावरतात, भक्कम पुरावा एवढाच. जबड्यात शिरताना पाहिल्याचे दावे झाले, पण निर्विवाद छायाचित्र नाही. मुळात मगर चावून खात नाही, तिचे दात पडून पुन्हापुन्हा नवे येतात आणि जबडा ती बऱ्याचदा अंगातली उष्णता घालवायला उघडा ठेवते. तरी 'मगरपक्षी' हे नाव प्लोव्हरलाच चिकटलं. तो दिसायला देखणा नसता तर टिटवी जिंकली असती, असा माझा संशय आहे.

या वादापायी त्याची खरी करामत झाकोळली. १९७०च्या दशकात इथिओपियात गांबेलाजवळ, बारो नदीतल्या वाळूच्या बेटांवर तिचा बारकाईने अभ्यास झाला. मादी दोन-तीन अंडी वाळूत पुरते. ती उन्हानेच उबत असतील असं वाटणं साहजिक. पण भर दुपारी प्रश्न उबेचा नसतोच, अंडी भाजण्याचा असतो. नर आणि मादी दोघंही पोटाची पिसं नदीत भिजवून आणतात आणि वाळूवर बसून ती गार करतात. पिल्लं बाहेर पडल्यावरही हा क्रम चालतो. धोका दिसला की पिल्लू दबून बसतं आणि पालक चोचीने त्याच्यावर वाळू उडवून त्याला झाकून टाकतात.

१७५८मध्ये इजिप्तच्या नावाने नोंदला गेलेला हा पक्षी विसाव्या शतकात त्याच देशातून नाहीसा झाला. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या नद्यांवर आणि दक्षिणेला काँगोच्या खोऱ्यात तो अजून आहे. वर्गीकरणात त्याला बराच काळ धाविक आणि पाणभिंगऱ्यांच्या कुळात बसवलं होतं. जनुकीय तपासणीत ते नातं टिकलं नाही, त्यामुळे आता त्याचं कूळ स्वतंत्र आहे आणि त्यात दुसरी जातच नाही.