जाक तोरेस : पेस्ट्री शेफ आणि परीक्षक

जाक तोरेस (जन्म १९५९) हे मूळचे फ्रेंच, पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले पेस्ट्री शेफ व चॉकलेट-कारागीर असून नेटफ्लिक्सवरील ‘नेल्ड इट!’ या बेकिंग स्पर्धेचे प्रमुख परीक्षक म्हणून ते जगभर परिचित आहेत. पडद्यावर येण्यापूर्वी आणि त्यानंतरही त्यांनी भट्टीपुढे दीर्घकाळ काम केले, शिवाय अनेक वर्षे शिकवले. त्यांच्या परीक्षणाची रीत या शिकवण्यातूनच घडलेली आहे.

तोरेस यांचा जन्म अल्जीर्सचा. बालपण दक्षिण फ्रान्समधील बांदोल या किनारी गावात गेले. पंधराव्या वर्षी ते एका लहानशा पेस्ट्रीच्या दुकानात उमेदवारी करू लागले आणि १९८० मध्ये नीस येथील नेग्रेस्को हॉटेलात शेफ जाक माक्सिमँ यांच्या हाताखाली रुजू झाले. तेथे असतानाच, १९८६ मध्ये, त्यांनी ‘मेयर उव्ह्रिए द फ्रान्स’ हा किताब मिळवला. फ्रान्समध्ये विविध हस्तव्यवसायांतील श्रेष्ठ कारागिरांना दिला जाणारा हा किताब एका विजेत्यापुरता मर्यादित नसतो. परीक्षकांनी ठरवलेल्या पातळीला जे पोचतात त्या सर्वांना तो मिळतो आणि कोणीच पोचले नाही तर कोणालाही मिळत नाही. किताब मिळवणाऱ्या शेफच्या कोटाच्या कॉलरवर फ्रेंच ध्वजाचे तीन रंग असतात. परीक्षा म्हणजे स्पर्धकांची आपसांत तुलना नव्हे, तर प्रत्येकाच्या कामाची एका ठरलेल्या मापाशी तुलना, ही शिस्त तोरेस यांनी आधी परीक्षार्थी म्हणून अनुभवली होती.

१९८८ मध्ये ते रिट्झ-कार्लटन हॉटेलांसाठी अमेरिकेत आले. पुढच्याच वर्षी सिरिओ माच्चिओनी यांनी त्यांना न्यूयॉर्कमधील आपल्या ‘ल सिर्क’ या उपाहारगृहात बोलावून घेतले. तेथे २००० पर्यंतच्या काळात त्यांनी केलेल्या मिष्टान्नांपैकी चॉकलेटची छोटी शेगडी विशेष गाजली : आत केक आणि वर चॉकलेटचीच इवलीशी भांडी. १९९४ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड प्रतिष्ठान या अमेरिकी पाककला-संस्थेचा पेस्ट्री शेफसाठीचा पुरस्कार मिळाला. याच दशकात ते न्यूयॉर्कच्या फ्रेंच कलिनरी इन्स्टिट्यूट या पाककला-विद्यालयात पेस्ट्री विभागाचे प्रमुख झाले, आणि ‘डेझर्ट सर्कस’ या दूरचित्रवाणी मालिकेतून हीच विद्या त्यांनी घरोघरच्या प्रेक्षकांना शिकवली.

२००० मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या डम्बो भागात स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. चॉकलेटकामाचा कस टेंपरिंगमध्ये, म्हणजे वितळलेले चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेण्यात, लागतो. कोकोचे लोणी सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते, पण चकाकी, ‘टक्’ असा आवाज करत तुटणे आणि जिभेवर विरघळणे हे गुण त्यांपैकी एकाच रूपात एकत्र येतात. त्यासाठी गडद चॉकलेट साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांवर आणून, पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत कोमट करावे लागते. एक-दोन अंशांची चूकही पृष्ठभागावर पांढुरके पट्टे उमटवते. २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलेली चॉकलेट चिप कुकीची पाककृती तोरेस यांच्या कृतीवर बेतलेली होती. तीत केकचे आणि ब्रेडचे असे दोन प्रकारचे पीठ आहे, आणि मळलेला गोळा किमान २४ तास थंडाव्यात ठेवण्याची सूचना आहे. पुरणपोळीची कणीक मुरू देणाऱ्याला यामागचे कारण सांगावे लागणार नाही : ओलावा पिठात नीट शिरायला वेळ लागतो.

मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘नेल्ड इट!’ची सूत्रे निवेदिका निकोल बायर यांच्याकडे आहेत. तीन हौशी स्पर्धक व्यावसायिकांनी केलेल्या अवघड केकची नक्कल करतात आणि विजेत्याला १०,००० डॉलर मिळतात. नक्कल बहुतेकदा फसते आणि प्रेक्षक खळखळून हसतात. इतक्या वरच्या दर्जाच्या कारागिराने अशा कार्यक्रमात बसावे याचे काहींना नवल वाटते, पण तोरेस तेथे जे करतात ते मोलाचे आहे. पदार्थ का बिघडला हे ते सांगतात : केक गरम असतानाच थर रचले म्हणून बटरक्रीम वितळून घसरले, किंवा भट्टीतून लवकर काढला म्हणून मधला भाग कच्चा राहिला. कारण कळले की तोच स्पर्धक पुढच्या वेळी चूक टाळू शकतो. रूपाबरोबर चवही तपासली जात असल्यामुळे, बाहेरून कोसळलेल्या पण आतून नीट भाजलेल्या, चवदार केकचे श्रेय ते नवख्या स्पर्धकाला मोकळेपणाने देतात. २०१९ मध्ये या कार्यक्रमाला स्पर्धा-कार्यक्रमांच्या गटात एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले.