मार्बेयात घर घ्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि पैशांची वाट

स्पेनच्या दक्षिणेला, मालागा प्रांतात, भूमध्य समुद्राच्या काठी मार्बेया आहे. आपल्याकडे बरेच जण त्याला 'मार्बेला' म्हणतात. 1954 मध्ये तिथं मार्बेया क्लब हॉटेल सुरू झालं, 1970 मध्ये पुएर्तो बानूसचं बंदर, आणि कोळ्यांच्या गावाचं श्रीमंतांचं गाव झालं. गोल्डन माईल, सिएरा ब्लांका, शेजारच्या बेनाआविसमधली ला सागालेता ही तिथली महागडी ठिकाणं. मुंबई-पुण्याहून आता तिथल्या घरांबद्दल विचारणा होते, म्हणून हे सविस्तर.

पात्रतेचा भाग एका वाक्यात संपतो. भारतीय नागरिक मार्बेयात स्वतःच्या नावावर घर घेऊ शकतो, तिथं राहण्याचा परवाना लागत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. 5 लाख युरोंच्या मालमत्तेवर मिळणारा 'गोल्डन व्हिसा' 2013 मध्ये आला आणि 3 एप्रिल 2025 ला बंद झाला. अजूनही तो दाखवून घर विकणारा एजंट भेटला तर चहा पिऊन निघून या. घरमालक झालात तरी शेंगेन व्हिसा काढायचाच, आणि 180 दिवसांत 90 दिवसच राहायचं.

खरी अडचण भारतातून पैसा बाहेर नेण्यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. तेवढ्यात मार्बेयात व्हिला येत नाही. म्हणून नवरा, बायको आणि दोन सज्ञान मुलं असे चौघं मिळून दहा लाख डॉलर करतात. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवले तर दोन वर्षांच्या मर्यादा लागोपाठ वापरता येतात. मात्र ज्याच्या नावानं पैसा जातो त्याचं नाव घराच्या खतावरही असलं पाहिजे. आईच्या मर्यादेतून पैसे पाठवले आणि खतावर आई नाही, हे चालत नाही. शिवाय न वापरलेला पैसा 180 दिवसांत परत आणावा लागतो, त्यामुळे घर ठरण्याआधीच घाईनं रक्कम पाठवून ठेवू नका.

बँकेत फॉर्म ए-2 (परकीय चलन पाठवण्याचा अर्ज), पॅन आणि पैसा कुठून आला त्याचे कागद लागतात. खातं त्या बँकेत किमान वर्षभर जुनं असावं, नाहीतर चौकशी वाढते. वर्षाला 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापते. म्हणजे एक कोटी पाठवले तर 18 लाख जादा तयार ठेवायचे. हा पैसा बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकलेलाच. आणि एक गैरसमज: इथलं घर विकून तिथं घर घेतलं तर भांडवली नफ्यावरची सवलत मिळत नाही. त्यासाठी नवं घर भारतातच असावं लागतं. दुबई-लंडनच्या अनिवासींना एलआरएस लागू नाही. त्यांनी भारतातल्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातून पैसा न्यायचा तर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत.

आता स्पेनची बाजू. पहिला कागद एनआयई, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. आपल्या पॅनसारखाच समजा, त्याच्याशिवाय खरेदी नाही, कर नाही, विजेचं मीटरही नाही. अर्ज ईएक्स-15 नमुन्यात, पासपोर्ट आणि त्याची प्रत, आणि नंबर कशासाठी हवा याचं कारण. शुल्क दहा युरोंच्या आसपास. मुंबईत स्पेनचा कॉन्सुलेट आहे, तिथून अर्ज करता येतो. प्रत्येक सहमालकाचा एनआयई वेगळा, हे विसरून लोक शेवटच्या आठवड्यात धावतात. स्वतः जाणं जमणार नसेल तर वकिलाला मुखत्यारपत्र द्यावं. ते भारतात केलं तर त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि अधिकृत अनुवादकाचं स्पॅनिश भाषांतर लागतं. वकील मात्र तुमचा असावा, एजंटनं सुचवलेला नको.

वकिलाकडून पहिली गोष्ट मागा: 'नोता सिंप्ले'. रजिस्ट्रीचा हा छोटासा उतारा दहा-बारा युरोंत मिळतो आणि वाचायला आपल्या सातबाऱ्यासारखाच. वर घराचं वर्णन आणि क्षेत्रफळ, मग मालकाचं नाव आणि त्याचा हिस्सा, खाली 'कार्गास', म्हणजे बोजा: गहाण, जप्ती, रस्त्याचा हक्क. व्हिलाला पोहण्याचा तलाव आणि पाहुण्यांची खोली आहे, पण उताऱ्यात नाही, असं दिसलं की थांबायचं.

मार्बेयात हे थांबणं जास्तच महत्त्वाचं. 1991 पासून महापौर खेसूस खिल यांच्या नगरपालिकेनं नियोजन गुंडाळून बांधकामांना परवाने वाटले. 2006 मध्ये 'मालाया' हे भ्रष्टाचाराचं प्रकरण उघडकीला आलं आणि सरकारनं अख्खी नगरपालिकाच बरखास्त केली. 2010 चा नवा विकास आराखडा हजारो बेकायदा घरं नियमित करणार होता, तो स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये रद्द केला. त्यामुळे इथं 'पहिल्या वास्तव्याचा परवाना', म्हणजे आपलं भोगवटा प्रमाणपत्र, हातात घेऊनच पुढे जायचं. "इथं कुणाकडेच नसतो" असं एजंट म्हणेल. तसं म्हणाला की ते घर घ्यायचं नाही, असं समजा.

कागद नीट निघाले की 'आर्रास', म्हणजे इसाराचा करार होतो, साधारण 10 टक्के रक्कम देऊन. तुम्ही मागे हटलात तर ती गेली. विकणारा हटला तर त्यानं दुप्पट द्यायची. मग नोटरीसमोर 'एस्क्रितुरा', खरेदीखत. नोटरी ते वाचून दाखवतात. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषी हवा. टेबलावर बँकेचा ड्राफ्ट जातो, चाव्या मिळतात. विकणारा स्पेनचा रहिवासी नसेल तर किमतीतले 3 टक्के त्याला न देता तुम्ही त्याच्या वतीनं कर खात्यात भरायचे. न भरल्यास त्यांचा बोजा तुमच्या घरावर बसतो.

कर असा: जुन्या घरावर आंदालुसियात, म्हणजे मार्बेया ज्या स्वायत्त प्रदेशात येतं तिथं, 7 टक्के, नव्यावर 10 टक्के व्हॅट आणि वर 1.2 टक्के मुद्रांक कर. 2022 पासून सरकारचा एक संदर्भभाव आहे, आपल्या रेडी रेकनरसारखा. खरेदीची किंमत त्याहून कमी असली तरी कर संदर्भभावावर. 20 लाख युरोंच्या जुन्या व्हिलाला किमान 1 लाख 40 हजार युरो कर, मग नोटरी, रजिस्ट्री आणि वकील वेगळे.

भाड्यानं देण्याचा विचार असेल तर आधी सोसायटीचे नियम पाहा. 3 एप्रिल 2025 पासून नव्या पर्यटक-भाड्याला सोसायटीची तीन-पंचमांश मतांनी मंजुरी लागते. भाडं घेतलं नाही तरी अनिवासी मालकाला दरवर्षी मोदेलो 210 हा स्पेनचा कर-फॉर्म भरावा लागतो. घर वापरल्याचं काल्पनिक उत्पन्न धरून कर, युरोपीय संघाबाहेरच्यांना 24 टक्क्यांनी. इकडे निवासी भारतीयानं दरवर्षीच्या आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) हे घर दाखवायचं. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड, आणि 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला जी सूट आहे ती स्थावर मालमत्तेला नाही.